तळ्यासाठी अर्ज करण्यापूर्वी

देवालय आणि जलाशय यांची जोडी आपल्याकडे फार जुनी आहे. गोव्यात देवळापुढे तळी असते. माळव्यात कुंड, बावडी अथवा ओढ्याकाठचा घाट असतो. आपल्या मंडळाच्या बहुतेक सभासदांच्या मूळ गावी असे एखादे तळे किंवा ओढा असेलच. त्यांपैकी पुष्कळ आज गाळाने भरले आहेत, जलपर्णीने झाकले आहेत किंवा सांडपाण्याने नासले आहेत. कोणीतरी हळहळतो, सभा बोलावली जाते, आणि तीत पहिला प्रश्न निघतो तो हा की, दुरुस्तीसाठी पैसा आणावा कोठून?

प्रस्तुत पाठात या प्रश्नाचे उत्तर यथाशक्ति द्यावयाचे आहे. सरकारी अनुदान कोणत्या मार्गाने येते, कंपन्यांचा निधी कोणास मिळतो, अर्जात कोणत्या गोष्टी असाव्यात आणि हिशेब कसा ठेवावा, या सर्वांचा विचार पुढे केला आहे. परंतु आरंभीच एक गोष्ट मनावर ठसवून घेणे अवश्य आहे. अर्जात जे लिहिले जाते, तेच पुढे तळ्यावर घडते. मंजुरी मिळाली की पैसा अर्जातील शब्दांच्या मागोमाग चालू लागतो, आणि त्या वेळी शब्द बदलणे जवळजवळ अशक्य होते. म्हणून 'पैसा कोठे मिळेल?' या प्रश्नाच्या आधी 'या पाण्याला काय हवे आहे?' हा प्रश्न विचारला पाहिजे.

एक कबुली

हा धडा प्रस्तुत लेखक पुस्तकातून शिकलेला नाही. काही वर्षांपूर्वी माळव्यातील एका गावी देवळाशेजारच्या तळ्यासाठी आम्ही काही मंडळींनी अनुदान मागितले. मी शाळामास्तर, म्हणून अर्ज लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी मोठ्या हौसेने लिहिले : तीन बाजूंना दगडी भिंत, पायऱ्या, फिरण्यास पक्की वाट, बाके आणि दिवे. पश्चिमेस लव्हाळ्याने भरलेला एक उथळ चर होता. तो दिसावयास ओंगळ, म्हणून तो बुजवून त्यावरून वाट न्यावी असेही त्यात होते. अर्जाची भाषा चांगली वठली होती. अनुदान मंजूर झाले, काम वेळेत पुरे झाले, आणि उद्घाटनाचा समारंभही झाला.

पुढच्या पावसाळ्यात तळे निम्मेच भरले. गायरानावरचे पाणी त्या चरातूनच तळ्यात येत असे, हे आमच्यापैकी कोणाच्या ध्यानी आले नव्हते. ते पाणी वाटेला अडून खालच्या वस्तीत शिरले. उलट, नव्या घरांची दोन गटारे पूर्वीप्रमाणेच तळ्यास येऊन मिळत राहिली. होळीच्या सुमारास पाण्यावर हिरवी साय धरली आणि मासे मरून वर आले. त्या दिवशी काठावर भेटलेल्या एका वृद्ध गवळ्याने मला विचारले, "मास्तरसाहेब, पाणी कुठून येतं, हे आपण कुणाला विचारलं होतं का?" मी कोणालाही विचारले नव्हते. दात्याचा दोष नव्हता, काम करणाऱ्यांचाही नव्हता. आम्ही जे मागितले तेच त्यांनी प्रामाणिकपणे दिले. चूक अर्जात होती, आणि अर्ज माझ्या हातचा होता.

पाणथळ म्हणजे काय?

इराणमधील रामसर या गावी २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळ भूमींच्या रक्षणासाठी एक आंतरराष्ट्रीय करार झाला. १९८२ साली भारत त्यात सामील झाला. या कराराने पाणथळीची व्याख्या फार व्यापक केली आहे. दलदल असो वा तळे, पाणी नैसर्गिक असो वा माणसाने साठविलेले, कायमचे असो वा हंगामी, वाहते असो वा स्थिर, गोडे असो वा खारे, ते सर्व त्यात येते. ओहोटीच्या वेळी सहा मीटरांपर्यंत खोल असलेले समुद्रकाठचे पाणीही त्यात धरले आहे.

अशी भूमी पावसाचे पाणी काही काळ धरून ठेवते, म्हणून खालच्या गावाचा पूर ओसरतो. ते पाणी हळूहळू जमिनीत मुरते, म्हणून विहिरी टिकतात. काठावरचे पाणकणीस आणि लव्हाळे गाळ अडवितात, व त्यांच्या मुळांशी राहणारे सूक्ष्म जीव पाण्यातील मळ पचवितात. उथळ काठ हे माशांच्या पिलांचे आणि पाणपक्ष्यांचे अन्नछत्रच होय. मी ज्याला ओंगळ चर म्हटले, तो त्या तळ्याचा घसाही होता आणि गाळणीही होती.

इंदूरच्या वाचकांस याचे उदाहरण घराजवळच आहे. धार रस्त्यावरील सिरपूरचे तळे होळकर राजवटीत बांधले गेले. ते मानवनिर्मित असले, तरी कालांतराने त्यास निसर्गाचे रूप आले. पावसाळ्यातही त्याची खोली दोन मीटरांच्या वर जात नाही, आणि हा उथळपणाच त्याचे वैभव आहे. तेथे सुमारे १३० जातींच्या पक्ष्यांची नोंद झाली आहे. १६१ हेक्टरांचे हे तळे आणि गंभीर नदीवरील यशवंतसागर ही दोन्ही २०२२ साली रामसर यादीत गेली. बडोद्याजवळचे वढवाणा २०२१ साली आणि गोव्यातील कुडचडे येथील नंदा तळे २०२२ साली त्या यादीत आले. सिरपूरच्या रक्षणासाठी झटलेले चित्रकार व छायाचित्रकार श्री. भालू मोंढे यांस २०१६ साली पद्मश्री मिळाली. त्यांची चिकाटी या सन्मानाच्या पुष्कळ आधीपासूनची आहे, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आधी निदान, मग उपाय

ओडिशातील चिल्का सरोवराचा इतिहास या बाबतीत अभ्यासण्याजोगा आहे. समुद्राला मिळणारे त्याचे मुख गाळाने आखडत गेले, त्यामुळे पाण्याचा खारेपणा कमी झाला, पाणवनस्पती माजल्या आणि मासळी घटली. १९९३ साली या सरोवराचे नाव धोक्यातील रामसर स्थळांच्या यादीत घालावे लागले. वरवर पाहणाऱ्यास वाटले असते की, वनस्पती उपटून काढाव्यात म्हणजे झाले. परंतु वनस्पती हे लक्षण होते, रोग मुखाशी होता. पुण्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात प्रवाहाचा अभ्यास झाला, आणि त्याच्या आधारे सप्टेंबर २००० मध्ये समुद्राकडे नवे मुख उघडण्यात आले. खारेपणा परतला, मासळी वाढली, आणि २००२ साली चिल्काचे नाव त्या यादीतून निघाले. निदान अचूक झाल्यामुळेच खर्च सार्थकी लागला.

ओढ्यानाल्यांसही हाच न्याय लागू आहे. इंदुरात कान्ह आणि सरस्वती या नद्यांना मिळणाऱ्या नाल्यांत सार्वजनिक व खाजगी मिळून सात हजारांहून अधिक ठिकाणी सांडपाणी पडत होते. ती तोंडे बंद करून ते पाणी शुद्धीकरण केंद्रांकडे वळविण्याचे काम आधी करावे लागले. काठावर फुलझाडे लावून नाला शुद्ध होत नाही.

तेव्हा अर्जापूर्वी निदान एक संपूर्ण वर्ष तळ्याचे निरीक्षण करावे. पाऊस कोसळत असताना छत्री घेऊन तळ्याभोवती फिरावे आणि पाणी कोठून येते व कोठून जाते, हे नकाशावर टिपावे. खुणा केलेल्या बांबूने ठराविक जागी दरमहा खोली मोजावी. पावसाळ्यापूर्वी व नंतर पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत देऊन त्यातील प्राणवायू, नत्र, स्फुरद आणि मैलजन्य जंतू तपासून घ्यावेत. पक्ष्यांची मोजदाद जानेवारीत करावी. आशियातील पाणपक्ष्यांची गणना १९८७ पासून त्याच महिन्यात होत आली आहे, म्हणून तुलना सोपी जाते. आणि ज्यांचे पोट त्या पाण्यावर आहे त्यांस विचारावे : भोई, धोबी, गवळी, खालचा शेतकरी, पाण्यास जाणाऱ्या स्त्रिया. त्यांच्या आठवणी हा अर्जाचा अर्धा पुरावा असतो.

मागावे कोणाकडे?

पहिला मार्ग सरकारी आहे. केंद्र शासनाने २०१३ साली तळी व पाणथळी यांच्या दोन जुन्या योजना एकत्र करून जलीय परिसंस्थांच्या संवर्धनाची राष्ट्रीय योजना आखली. तीत बहुतेक राज्यांसाठी केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के असे खर्चाचे प्रमाण ठेवले गेले. ईशान्येकडील व हिमालयातील राज्यांसाठी ते ९० व १० असे होते. येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. असा प्रस्ताव राज्य शासनामार्फत जातो, एखादे मंडळ तो थेट दिल्लीस धाडू शकत नाही. म्हणून आपला अर्ज ग्रामपंचायत अथवा नगरपालिका, जिल्हाधिकारी आणि राज्य पाणथळ प्राधिकरण यांच्याकडे द्यावा, व त्यांच्या प्रस्तावात आपली माहिती उपयोगी पडेल अशी सिद्ध ठेवावी. २०२० पासून केंद्रीय मंत्रालयाने चार पायऱ्यांचा आग्रह धरला : मूळ माहितीचे टिपण, पाणथळीच्या प्रकृतीचे पत्रक, 'पाणथळ मित्र' म्हणून स्थानिकांचा गट, आणि एकात्मिक व्यवस्थापन आराखडा. यांपैकी पहिल्या तीन पायऱ्या लहानशा मंडळासही पैशावाचून चढता येतात.

आपला जलाशय कोणत्या नियमाखाली येतो, हेही पाहिले पाहिजे. पाणथळ संवर्धनाचे २०१७ चे नियम नदीचे पात्र, भातशेती, तसेच केवळ पिण्याच्या पाण्यासाठी वा सिंचनासाठी बांधलेले तलाव यांस लागू नाहीत. तेथे नगरपालिका, जलसंपदा किंवा लघुपाटबंधारे यांच्या योजनांकडे वळावे. जेथे नियम लागू आहेत तेथे भराव, कचरा टाकणे, अशुद्ध सांडपाणी सोडणे यांस मनाई आहे. गेल्या दहा वर्षांतील सरासरी उच्च पूररेषेपासून ५० मीटरांच्या आत कायमचे बांधकाम करण्यासही मनाई आहे. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली, २.२५ हेक्टरांहून मोठ्या अशा नकाशित २,०१,५०३ पाणथळींना संरक्षणाची तत्त्वे लागू करण्याचा आदेश दिला आहे. काठावर भिंत मागणाऱ्या अर्जदाराने हे आधी वाचावे.

दुसरा मार्ग कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमानुसार ठराविक मर्यादेवरील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के लोकहितार्थ खर्चावे लागतात, आणि पर्यावरणाचे रक्षण हा त्यातील एक मान्य विषय आहे. असा निधी घेणाऱ्या संस्थेची रीतसर नोंदणी असावी लागते, आणि तिला तशा कार्याचा पूर्वानुभवही दाखवावा लागतो. धार्मिक विधी या कायद्याच्या अनुसूचीत येत नाहीत. म्हणून देवस्थानाने अर्ज करताना स्पष्ट लिहावे की, हे पाणी सर्वांचे आहे व सर्व जातिधर्मांच्या लोकांस त्याचा लाभ होईल. आणि हे नुसते लिहू नये, तसे वागावे.

तिसरा मार्ग आपल्या स्वतःच्या ओंजळीचा. अनुदान देणारा नेहमी विचारतो, आपण काय घालणार? आपण निर्माल्य तळ्यात टाकणे बंद करून खताचा खड्डा करावा, विसर्जनासाठी वेगळा हौद ठेवावा, शाडूच्या मूर्तींचा आग्रह धरावा, दर महिन्यास श्रमदान करावे. यास पैसा फारसा लागत नाही. जो स्वतः तळ्यात निर्माल्य टाकतो, त्याने इतरांच्या सांडपाण्याविरुद्ध अर्ज लिहावा हे शोभत नाही.

अर्जाची अंगे

चांगल्या अर्जात पुढील सात गोष्टी असाव्यात :

१. स्थळ. नकाशा, क्षेत्रफळ, आणि जमीन कोणाची याचा कागद. तो मध्य प्रदेशात खसरा-खतौनी, महाराष्ट्रात व गुजरातेत सातबारा, बेळगावकडे उतारा या नावाने ओळखला जातो. जमिनीचा मालक निराळा असेल, तर त्याची लेखी संमती हवी.

२. अर्जदार. नोंदणीपत्र, घटना, कार्यकारिणीचा ठराव, मागील वर्षांचे तपासलेले हिशेब.

३. स्थिती. वर्षभराच्या निरीक्षणाचे आकडे.

४. कारण. पाणी का बिघडले, याचे पुराव्यासह विवेचन.

५. उपाय आणि त्यांचा क्रम. प्रथम पाणलोटातील धूप व सांडपाणी थांबवावे, मग येणाऱ्या पाण्याची वाट मोकळी करावी, त्यानंतरच गाळास हात लावावा. गाळ सरसकट काढू नये. उथळ काठ व लव्हाळ्याचा पट्टा राखावा. काढलेला गाळ तपासून मगच शेतात घालावा, कारण शहराच्या गाळात घातक धातू असू शकतात.

६. खर्च. प्रत्येक कामाचे माप, दर आणि रक्कम. देखभालीचा खर्च वेगळा दाखवावा.

७. कसोटी. तीन वर्षांनी काम साधले की नाही, हे कोणत्या आकड्यांवरून ओळखावे.

आमच्या पहिल्या अर्जातील वाक्य असे होते : "सदर तळ्याचे सुशोभीकरण होऊन भाविकांची सोय व्हावी, यास्तव साहाय्य मिळावे." दुसऱ्या अर्जातील वाक्य असे : "तळ्यास मिळणाऱ्या तीन ओहोळांपैकी पश्चिमेचा ओहोळ वाटेच्या भरावाने बंद झाला आहे, तो पूर्वीच्या रुंदीने मोकळा करावयाचा आहे. दोन गटारांचे पाणी थेट तळ्यात पडते. ते प्रथम गाळ बसण्याच्या हौदात व नंतर पाणकणसाच्या वाफ्यातून न्यावयाचे आहे." पहिले वाक्य कोणत्याही तळ्यासंबंधी लिहिता येते. दुसरे त्या एकाच तळ्यासंबंधी खरे आहे. परीक्षक या फरकावरूनच ओळखतो की, अर्जदार काठावर उभा राहिला होता की केवळ टेबलाशी बसला होता.

दुसऱ्या अर्जात मागितलेली रक्कम पहिलीपेक्षा पुष्कळ कमी होती. तीतील काही भाग आमच्याच बांधलेल्या वाटेचा तुकडा फोडण्यासाठी होता, हे लिहिताना लाज वाटली. पण ते लिहिले, आणि का फोडावयाचा हेही लिहिले. तळे पूर्ववत झाले असे आजही म्हणवत नाही. परंतु पाणी आता वैशाखापर्यंत टिकते, आणि गेल्या हिवाळ्यात वारकरी व हळदीकुंकू बदके पुन्हा उतरली.

हिशेब

देवी अहिल्याबाई होळकरांनी देशभर घाट, विहिरी व कुंडे बांधविली, हे आपणांस ठाऊक आहे. तो खर्च त्यांनी दौलतीच्या तिजोरीतून न करता आपल्या खासगीतून केला, हे मात्र आपण विसरतो. कोणता पैसा कोणत्या कामाचा, याचा विवेक त्यात होता. अनुदानाचा पैसा याच विवेकाने सांभाळावा. त्याचे खाते वेगळे ठेवावे. उत्सवास कमी पडले म्हणून त्यातून उसने घेऊ नये. केंद्र सरकारचे २०१७ चे वित्तीय नियम सांगतात की, त्याच कामासाठी अन्यत्र मदत मागितली असल्यास ते अर्जदाराने कळवावे, आणि आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत उपयोगिता प्रमाणपत्र सादर करावे. तळ्याच्या काठी एक फलक लावून त्यावर आलेला पैसा, झालेला खर्च आणि दर महिन्याची पाण्याची खोली लिहावी. ज्यांचे तळे आहे, त्यांस हिशेब वाचता आला पाहिजे.

उपसंहार

कोणत्याही पूजेच्या आरंभी आपण संकल्प करतो. त्यात स्थळ सांगतो, काळ सांगतो, आपले नाव सांगतो, काय करणार व कशासाठी करणार हे सांगतो, आणि मग हातावरून पाणी सोडतो. संकल्प मोघम असून चालत नाही. अनुदानाचा अर्ज हाही लोकांसमोर केलेला संकल्पच होय, आणि येथे तर ज्याच्या साक्षीने तो करावयाचा ते पाणीच त्याचे कारण आहे. तेव्हा सभासद बंधुभगिनींनी लेखणी हाती घेण्यापूर्वी एक पावसाळा त्या पाण्याकाठी काढावा, एवढीच नम्र विनंती.

मननासाठी प्रश्न

१. आपल्या गावच्या तळ्यास किंवा ओढ्यास पाणी किती वाटांनी येते? त्यांतील किती आज मोकळ्या आहेत?
२. ते तळे कोणाच्या नावावर आहे, आणि तो कागद आपण स्वतः पाहिला आहे काय?
३. त्याचे पाणी बिघडविणाऱ्या कारणांपैकी कोणते कारण आपण स्वतः उद्यापासून बंद करू शकतो?
४. अनुदान मुळीच मिळाले नाही, तरी यंदा आपल्या हातून कोणती कामे होऊ शकतील?